बूट त्यानं स्वतः बनवले होते



समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. आजारपणावर बोलायचं नाही आणि गुंतवणुकीवर बोलायचं नाही. आपल्या वयाच्या माणसाकडे मग उरतं काय? मी म्हटलं, कार्टूनवर बोलतो. सगळे हसले आणि म्हणाले, बोल.

पण चेष्टा नाही. निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी मी मुलांना सिनेमे दाखवतो. भिंतीवर पांढरी चादर, मागे प्रोजेक्टर, पुढे सतरंजीवर वीस-पंचवीस पोरं. त्यामुळे या बाबतीत मी आता जरा जाणकार झालोय असं समजा. आणि एक गोष्ट लक्षात आली आहे. मोठ्यांचा सिनेमा राजकारणावर असला तर तो तसं पाट्या लावून सांगतो. मुलांचा सिनेमा सांगत नाही. कोण मोठा, कोण लहान, कुणी कुणाचं ऐकायचं, कुणाला हसायचं, हे तो गोष्टीत कालवून भरवतो आणि पोरं ते लाह्यांबरोबर गिळतात. आपणही गिळतो. मी तर वीस वर्षं गिळलेलं होतं.

मी ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव 'द इन्क्रेडिबल्स'. पिक्सार कंपनीचा, 2004 सालचा. लेखक-दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. आपल्याकडे तो हिंदीतही आला होता, 'हम हैं लाजवाब' या नावानं, आणि त्यात बापाला आवाज शाहरुख खानचा होता, तर मुलाला त्याच्या मुलाचा, आर्यनचा. जन्मानंच मिळणाऱ्या देणगीवरच्या सिनेमाला याहून चपखल आवाज कुठून मिळणार!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. बॉब नावाचा एक महाबली आहे. त्याची बायको हेलन रबरासारखी हवी तेवढी ताणली जाते. मोठी मुलगी अदृश्य होऊ शकते, मधला मुलगा डॅश वाऱ्यासारखा पळतो, धाकटं अजून पाळण्यात. एकेकाळी असे महावीर शहरात उघडपणे लोकांना वाचवत फिरायचे. मग एक माणूस जीव द्यायला इमारतीवरून उडी मारतो, बॉब त्याला वाचवतो, आणि तोच माणूस बॉबवर दावा लावतो की मला विचारलं होतं का? पाठोपाठ एका रेल्वेतले जखमी प्रवासी कोर्टात जातात. सरकार नुकसानभरपाई देऊन देऊन थकतं आणि महावीरांना सांगतं, आता गुपचूप चारचौघांसारखं राहा, शक्ती वापरायची नाही. पंधरा वर्षांनी बॉब एका विमा कंपनीत खोकड्याएवढ्या जागेत टेबलामागे बसलेला दिसतो. पोट सुटलंय. डॅशला शाळेत शर्यतीत उतरायची परवानगी नाही.

त्यातलं एक दृश्य आहे. डॅशनं मास्तरांच्या खुर्चीवर टाचणी ठेवली म्हणून आईला शाळेत बोलावलंय. परतताना गाडीत तो कुरकुरतो, मला पळू का देत नाहीत? आई नेहमीचं आईचं उत्तर देते, की प्रत्येकजण विशेष असतो बाळा. त्यावर तो पुटपुटतो, म्हणजे कुणीच नसतो. घरी बाप तर त्याच्याही पुढे. चौथीतून पाचवीत गेल्याचा समारंभ शाळेनं ठेवलाय म्हटल्यावर तो चिडतो, की सामान्यपणाचे सोहळे करायला हे लोक रोज नवी निमित्तं काढतात, आणि खरंच कुणी असामान्य निघाला की मात्र त्याला दाबतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. तिच्या शेजारी सोफ्यावर बसून मी अक्षरशः मांडीवर थाप मारली. किती खरं बोलला! मी अ तुकडीचा. सातवीच्या वार्षिक परीक्षेच्या गुणांवर आठवीत तुकड्या पडायच्या, अ, ब, क आणि ड, आणि मी तीनही वर्षं अ मध्ये पहिल्या पाचांत. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत फोटो छापून येण्याचा तो काळ. आपला काही आला नाही, पण यायला हवा होता असं मनात धरून मी पुढची तीस वर्षं काढली. कारखान्यात माझ्यावर बसलेले साहेब, ज्येष्ठतेनं मिळणारी बढती, सगळ्यांना सारखाच मिळणारा बोनस, या सगळ्यांवरचा माझा राग त्या महाबली बॉबनं माझ्या वतीनं काढला. तो विमा कंपनीतला साहेब आठवा, कुणी पाहिला असेल तर. टाचा उंचावल्या तरी टेबलाला पुरत नाही. बॉब म्हाताऱ्या बाईला हळूच सांगतो की कुठला अर्ज कुठं दिलात तर तुमचे पैसे सुटतील, आणि हा साहेब संतापतो, की आपल्या ग्राहकांना कंपनीच्या सगळ्या खाचाखोचा कळायला लागल्या आहेत! खिडकीतून एका माणसाला लुटताना दिसतंय, बॉब धावायला निघतो, तर साहेब म्हणतो, बाहेर पडलास तर नोकरी गेली. आम्ही सगळेच कधी ना कधी त्या टेबलामागे बसलोय.

सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या काही समीक्षकांना यात आयन रँड दिसली. आमच्या हॉस्टेलवर 'द फाउंटनहेड'ची एक फाटकी प्रत खोल्याखोल्यांतून फिरायची, ती हीच बाई. थोडे लोक जग चालवतात आणि बाकीचे त्यांच्या पायात पाय घालतात, हा तिचा एकूण सूर. तो सिनेमात आहेच. पण वरचं विमा कंपनीचं दृश्य पाहिलं तर तो नफेखोरांच्या बाजूचाही नाही. म्हातारीचे पैसे अडवणारी कंपनीच तिथं खलनायक आहे. म्हणजे डाव्यानं पाहिला तरी खूश, उजव्यानं पाहिला तरी खूश. कौटुंबिक सिनेमाला हे जमावंच लागतं, कारण तिकिटं सगळ्यांनाच विकायची असतात.

हेलनबद्दल एक वाक्य बोलल्याशिवाय पुढं गेलो तर समोरच्या दोन रांगा मला जेवू देणार नाहीत. सुरुवातीच्या मुलाखतीत ही बाई ठणकावून सांगते, की जग वाचवायचं काम पुरुषांवर सोडून मी घरी बसणार नाही. पंधरा वर्षांनी ती घरीच असते, आणि नवरा अजून माझं तारुण्य, माझे पराक्रम म्हणत उसासे टाकतो. तिचे पराक्रम कुठे गेले हे तिला कुणी विचारत नाही. शेवटी नवऱ्याला सोडवायला तीच जाते ते वेगळं. आपल्या वर्गात गणितात माझ्यापुढे दोघीजणी होत्या. दोघी आज इथं आहेत. त्यांनी पुढं काय केलं आणि काय करू दिलं गेलं नाही, ते त्याच सांगतील, त्यांना वेगळी पंधरा मिनिटं आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

गेल्या दिवाळीनंतर या मेळाव्याच्या तयारीसाठी आपले समितीचे अध्यक्ष माझ्याकडे पुण्याला आले होते. ते ड तुकडीचे. आज सकाळी माईक घरघरत होता तो ज्यांनी पाच मिनिटांत सरळ केला तेच. बाजारपेठेतलं त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान सगळ्यांना माहीत आहे, आणि शाळेच्या बोअरवरची मोटर गेली कित्येक वर्षं तेच भरून देतात, बिल न लावता. नाव घेऊ नको अशी त्यांनी तंबी दिली आहे, म्हणून घेत नाही. आणि 'ते' म्हणणंही मला जड जातंय, तेव्हा यापुढे 'तो'.

त्याच्याबरोबर सात वर्षांचा नातू होता. आम्ही याद्या करत बसलो आणि पोराला गुंतवायला मी हा सिनेमा लावून दिला. थोड्या वेळानं बघतो तर आजोबाच पोह्यांची बशी हातात घेऊन टीव्हीसमोर बसलेले.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. बडी नावाचा एक लहान मुलगा आहे, बॉबचा भक्त. त्याला बॉबचा मदतनीस व्हायचंय. तो गाडीत आधीच येऊन बसतो, बॉब त्याला बटण दाबून बाहेर फेकतो. तो पुन्हा येतो, या वेळी उडत, पायात रॉकेटचे बूट घालून. म्हणतो, माझ्यात शक्ती नाही म्हणूनच ना? पण शक्ती नसली तरी महावीर होता येतं. हे बूट मी शोधून काढलेत, मी उडू शकतो, तुला येतं का उडता? बॉब म्हणतो, घरी जा, मी एकटाच काम करतो. मग गडबडीत खलनायकाचा बॉम्ब पोराच्या पाठीवरच्या झुलीला चिकटतो, तो रेल्वेच्या रुळांवर पडतो, पूल उडतो, गाडी थांबवताना माणसं जखमी होतात, आणि तिथूनच ते सगळे दावे. पोराला पोलिसांच्या ताब्यात देतात, याच्या आईला सांगा हा काय उद्योग करतो ते. हाच बडी पुढे मोठा होऊन शस्त्रं विकून गब्बर होतो, सिंड्रोम नाव घेतो आणि निवृत्त महावीरांना एका बेटावर बोलावून आपल्या यंत्रमानवाकडून एकेकाला मारतो.

माझा मित्र बशी खाली ठेवून म्हणाला, "थांबव जरा. ते बूट त्या पोरानं स्वतः बनवले न्हवं?"

म्हटलं, हो.

"कुणाकडनं शिकून?"

"तसं काही दाखवलेलं नाही. स्वतःच."

"मग त्या जाड्याची ताकद जन्माची, बाईची जन्माची, पोरांची आईबापाकडनं आलेली. हातानं काही केलं ते या एकट्यानं. आणि चोर तोच?"

मी त्याला समजावायला लागलो. असं नाही, तो वाईट आहे कारण तो माणसं मारतो, विमानात मुलं आहेत हे कळूनसुद्धा क्षेपणास्त्रं सोडतो. हे खरंच आहे, आणि सिनेमाशी अन्याय करायचा नाही म्हणून तुम्हालाही सांगतो. तो मान डोलावत राहिला. पुढे सिंड्रोम आपला बेत सांगतो. आधी खोटा पराक्रम करून मिरवीन, आणि म्हातारा झालो की माझी सगळी यंत्रं विकून टाकीन, म्हणजे प्रत्येकाला महावीर होता येईल, आणि सगळेच महावीर झाले की कुणीच उरणार नाही. तोंडात हसू दुष्टाचं आहे आणि मागं संगीतही तसंच वाजतं. माझा मित्र म्हणाला, "विकूदे की. वाईट काय त्यात? मीबी मोटारीच भरतो. गावात बारवेपासून पाणी डोक्यावरनं आणायच्या बायका, मोटार आल्यावर सगळ्यांच्याच घरात आलं. त्यात कुणाचं काय गेलं?"

मग हसून म्हणाला, "गाडीत बसलेलाच होता की तो. उतरवला कशाला? बसूदे म्हटलं असतं तर पिक्चर धा मिनिटात संपला असता."

मी हसलो नाही. त्याला काय आठवत होतं मला माहीत नाही, मला मात्र नववी आठवत होती.

1983-84. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अ तुकडीतल्या आम्हा तिघांची निवड झाली होती. टाकी भरली की आपोआप बंद होणारा पंप, असं मॉडेल. पंप चालायचा, बंद मात्र व्हायचा नाही. थर्माकोलचा तरंगता तुकडा आम्ही लावला होता, तो कधी तिरका व्हायचा, कधी कडेला अडकायचा. एका संध्याकाळी हा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. तेव्हा त्याच्या मामाचं दुकान होतं. हातात एक पत्र्याचा डबा, चारही बाजूंनी झाळून हवाबंद केलेला, त्याला सायकलची आरी जोडलेली आणि वर पितळी पट्टी. "याच्यावर टाकून बघा," म्हणाला. "मला घ्या ना तुमच्यात."

सरांनी नाही म्हटलं नाही, बाईंनी नाही. ते तिथं नव्हतेच. मी म्हटलं. "हे अ तुकडीचं आहे. तू जा." एवढंच. आवाजही चढवला नव्हता. तो डबा टेबलावर ठेवून गेला.

आणि आम्ही तो वापरला. तीन दिवसांनी. थर्माकोल काढून टाकला आणि त्याचा डबा लावला. परीक्षक आले तेव्हा पंप वेळेवर बंद होईना, मी हळूच करंगळीनं आरी उचलली. दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्रावर तीन नावं आहेत. ते प्रमाणपत्र माझ्या फायलीत पहिल्या पानावर होतं, नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी ते दाखवलंसुद्धा होतं.

बॉबला बडीबद्दल काय वाटलं असेल, असा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. कारण मी सिनेमा कायम डॅशच्या बाजूनं पाहिला होता, म्हणजे पळता येत असून पळू न दिलेल्या मुलाच्या. आपल्या वर्गातून असा सिनेमा पाहणारे निम्मे तरी तसाच पाहतील. डॅशचं दुःख खोटं नाही. शेवटी त्याला शर्यतीत उतरू देतात, पण आईबाप प्रेक्षकांतून खुणा करतात, हळू, हळू, दुसरा ये, आणि तो बिचारा मागे-पुढे बघत बरोबर दुसरा येतो. त्यावर सगळं थिएटर हसतं. पण डॅशला तरी माहीत आहे की आपण पहिले येऊ शकतो. ज्याला मैदानाच्या दारातूनच परत पाठवलं त्याच्यासाठी या सिनेमात एकही हळवं दृश्य नाही.

एक आहे, तसं म्हटलं तर. ते मी आधी कितीदा पाहिलं, पण ऐकलं नव्हतं. बेटावर बॉब सिंड्रोमच्या तावडीत सापडतो, तेव्हा म्हणतो, मी तुला तसं वागवायला नको होतं, माझं चुकलं. सिंड्रोम म्हणतो, बघ, आता मान देतोस, कारण आता मी तुला भारी पडतोय.

याला उत्तर काय? सिनेमाकडे नाही. यंत्रमानव येतो, मारामारी सुरू होते, आणि शेवटी सिंड्रोमची झूल विमानाच्या इंजिनात ओढली जाऊन तो मरतो. प्रश्न मिटला. पण मला तो पुढे महिनाभर मिटेना. माझा मित्र आज मेळाव्याचा अध्यक्ष आहे. नव्या प्रयोगशाळेच्या वर्गणीत सगळ्यात मोठा आकडा त्याचा आहे. तो आजही मामाच्या दुकानात हेल्पर असता, तर मला हे सगळं आठवलं असतं का? आठवलं असतं तरी मी इथं उभा राहून बोललो असतो का? खरं सांगायचं तर, नसतो. तेवढं कबूल करून मग पुढचं बोललेलं बरं.

याच ब्रॅड बर्डनं तीन वर्षांनी, 2007 मध्ये 'रॅटॅटुई' केला. पॅरिसमधल्या नावाजलेल्या हॉटेलात एक उंदीर स्वयंपाक करतो त्याची गोष्ट. त्यात थोर आचाऱ्याचा सख्खा मुलगा आहे, हॉटेलचा वारस, आणि त्याला साधं सूप जमत नाही. हात आहे तो गटारातल्या उंदराचा. शेवटी तो खत्रूड समीक्षक लिहितो, की प्रत्येकजण मोठा कलाकार होईल असं नाही, पण मोठा कलाकार कुठूनही येऊ शकतो. मला वाटतं, हे बडीला दिलेलं उशिराचं उत्तर आहे. दिग्दर्शकाच्या मनात ते होतं की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. पूर्ण उत्तर तेही नाही, कारण त्या उंदराचं नाकसुद्धा जन्माचंच. रोज थोडं थोडं शिकून बरा झालेला माणूस त्याही सिनेमात नायक होत नाही. पण निदान स्वयंपाकघराचं दार उघडं राहतं.

रविवारी मुलांना मी 'इन्क्रेडिबल्स' आता दाखवतो तेव्हा बूट आले की थांबवतो आणि विचारतो, तुम्ही याला गाडीत घेतलं असतं का? पोरं भांडतात. नववीतली एक मुलगी म्हणाली, काका, तो हेल्मेट न घालता उडतोय, मी नसतं घेतलं. तेही बरोबर आहे.

हे भाषण लिहून झाल्यावर मी परवा रात्री त्याला फोन केला. सगळ्यांसमोर बोलणार असेन तर त्याची परवानगी घ्यायला हवी होती. नववीची गोष्ट मी पहिल्यांदाच त्याच्यासमोर काढली. डब्याची, दाराची, तीन नावांची. पलीकडे बराच वेळ नुसता दुकानातल्या पंख्याचा आवाज.

मग म्हणाला, "डबा न्हवता रे. बुटाच्या पालिशच्या दोन डब्या होत्या, तोंडाला तोंड लावून झाळलेल्या."

मी म्हटलं, बरं, तसं लिहितो.

"आणि पट्टी तुम्ही उलटी बसवली होती. म्हणून बंद होत न्हवता पंप."

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"प्रदर्शनाला आलो होतो की बघायला. मागं उभा होतो."